झोपेतला ईईजी बिघडलेला, पण झटके दिसत नाहीत. औषध सुरू करावं का?

पूर्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. मुलगी साडेचार वर्षांची, तिला रेट सिंड्रोम आहे, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे होणारा मेंदूच्या वाढीचा आजार. रक्ताच्या जनुक तपासणीत एमईसीपी२ या जनुकात बदल सापडला, त्यामुळे निदानाबद्दल शंका नाही. विचारायचंय ते ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीबद्दल.

मागच्या महिन्यात ईईजी झाला. जागेपणीच्या भागाबद्दल 'वयाच्या मानाने लहरी संथ' एवढंच लिहिलंय. पण झोप लागल्यावर दोन्ही बाजूंना, कानाच्या वरच्या भागात, स्पाइक-वेव्ह, म्हणजे बिघडलेल्या टोकदार लहरी, खूप वाढतात असं रिपोर्ट म्हणतो. अंग ताठ होणं, हातपाय झाडणं, तोंडाला फेस, असलं काही आम्ही कधीच बघितलेलं नाही. दिवसा ती मधेच श्वास रोखते, एकटक बघत राहते, ओठ निळसर होतात, आणि मग पुन्हा हात चोळायला लागते. रात्री दोन-अडीचला उठून खदखदून हसते, कधी कधी बराच वेळ. तान्हं लेकरू झोपेत हसलं की सटवाई हसवते म्हणतात, सासूबाई अजून तेच म्हणतात. मला मात्र त्या हसण्याची धास्ती वाटते.

एक डॉक्टर म्हणाले औषध लगेच सुरू करा. दुसरे म्हणाले आधी रात्रभराचा व्हिडिओ ईईजी करू, मग ठरवू. दोघांनीही नीट वेळ दिला, समजावून सांगितलं. आता आम्ही मधल्यामधे अडकलोय. तुमच्यापैकी कुणाच्या लेकराचं असं झालंय का? आणि हे झोपेतच काहून होतं, जागेपणी का नाही?

हुरडा

ताई, माझ्याकडं उत्तर नाही, पण इथं एक-दोघं आहेत ज्यांना यातलं नक्की माहीत आहे. धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

बालाघाट

थांबू नका, औषध सुरू करा. आमचं सांगतो म्हणजे का म्हणतोय ते कळेल.

आमचा मुलगा पाच वर्षांपर्यंत घर डोक्यावर घेणारा. मग हळूहळू हाक मारली तरी बघेना. आम्हाला वाटलं कान. अंबाजोगाईला कान तपासले, कान ठणठणीत. शाळेतून निरोप, लक्ष देत नाही, उलट उत्तरं देतो, मग उत्तरंच देत नाही. वाक्यं तुटली, मग शब्द गेले. 'पाणी' म्हणायचा तो नुसतं माठाकडं बोट करायला लागला. झटका म्हणाल तर एखाददुसरा, तोही झोपेत, तोंडाची एक बाजू ओढल्यासारखी व्हायची.

पहिला ईईजी जागेपणी, अर्ध्या तासाचा. त्यात थोडंफार आहे पण घाबरण्यासारखं नाही असं सांगितलं गेलं. त्यात बरेच महिने गेले. पुढं दुसऱ्या गावी झोपेतला ईईजी केला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून पडदाच दाखवला. लेकरू शांत झोपलेलं, चेहऱ्यावर काही नाही, आणि पडद्यावर एकही ओळ सरळ नाही. एकामागून एक टोकं, थांबतच नव्हती. निदान ईएसईएस, म्हणजे झोपेत अशी टोकं जवळजवळ सतत येत राहणं. जनुक तपासणीत ग्रिन२ए या जनुकात बदल निघाला. स्टेरॉइड आणि क्लोबाझाम सुरू झालं. आज वर्षभरानं तो वाक्यं बोलतो, सगळी नाही, पण बोलतो. म्हणून म्हणतो, झोपेतला ईईजी खराब आला की वाट बघत बसू नये.

पूर्णाकाठ

@बालाघाट दादा, वाचून अंगावर काटा आला. तो बोलायला लागला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या डॉक्टरांनी ईएसईएस हा शब्द वापरलेला नाही. रिपोर्टमध्ये 'झोपेत वाढ' एवढंच आहे.

जायकवाडी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सध्या मुलांच्या मेंदूविकारांचं पुढचं प्रशिक्षण घेतोय. इथून कुणालाही औषध सांगणार नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या करून सांगणं गरजेचं वाटतं, कारण बालाघाट यांच्या मुलाला जे लागू होतं ते पूर्णाकाठ यांच्या मुलीला जसंच्या तसं लागू होत नाही.

आधी झोपेतच का ते. जागेपणी मेंदूचे वेगवेगळे भाग आपापल्या कामाला लागलेले असतात. नॉन-रेम झोपेत, म्हणजे स्वप्नं सहसा नसतात त्या गाढ होत जाणाऱ्या झोपेत, थॅलॅमस (मेंदूच्या आतला भाग) आणि कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) एका लयीत येतात. लाखो पेशी एकदम पेटतात, एकदम शांत होतात. आपल्याकडं सप्ताहात टाळकरी एका तालावर उभे असतात, त्यात एकाचा ठोका चुकला की अख्खी ओळ ओढली जाते. बाजारात तोच माणूस कसाही टाळ बडवू दे, कुणाचं काही बिघडत नाही. झोपेतला मेंदू त्या ओळीसारखा असतो. त्यामुळे एका जागी उठलेला चुकीचा विद्युत ठोका पसरतो. रेम, म्हणजे स्वप्नांची झोप लागली की ही एकलय मोडते आणि बहुतेक मुलांत स्पाइक तिथं कमी होतात.

याच झोपेत निरोगी मेंदू स्पिंडल नावाच्या लहरी काढतो, सेकंदाला साधारण ११ ते १६ आवर्तनांच्या. दिवसभर शिकलेलं पक्कं करण्याशी त्यांचा संबंध आहे. स्पिंडल ज्या जाळ्यातून निघतात त्याच जाळ्याचा वापर करून स्पाइक-वेव्ह पसरतात असं मानलं जातं. म्हणून नुकसान शब्दांचं, लक्ष लागण्याचं, शिकलेलं टिकण्याचं होतं.

आता ईएसईएस. १९७१ साली पॅट्री, ल्यागूबी आणि टासिनारी यांनी सहा मुलांचं वर्णन केलं, ज्यांच्या नॉन-रेम झोपेचा बहुतेक सगळा वेळ स्पाइक-वेव्हनं भरलेला होता. पूर्वी ८५ टक्क्यांची अट धरायचे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेनं नाव आणि व्याख्या बदलली, आता ५० टक्के किंवा जास्त धरतात. पण नुसत्या टक्क्यांवर निदान होत नाही. त्यासोबत मुलाचं शिकणं, बोलणं किंवा वागणं घसरलेलं असावं लागतं, आणि त्या घसरणीचा काळ ईईजीशी जुळावा लागतो. बालाघाट यांच्या मुलाचं नेमकं तसं होतं. ग्रिन२ए हे एनएमडीए रिसेप्टरचा (मेंदूच्या पेशींवर निरोप घेणाऱ्या रेणूचा) एक भाग बनवणारं जनुक, आणि बोलणं जाणाऱ्या या गटाशी त्याचा संबंध २०१३ मध्ये पक्का झाला. तिथं झोपेतल्या ईईजीवर उपचार करणं हाच उपचार असतो.

रेटमध्ये गोष्ट वेगळी आहे. दोन ते दहा या वयात रेटच्या बहुतेक मुलींचा ईईजी बिघडलेला असतोच, झोपेत जास्त. या मुलींचे शब्द जातात ते एमईसीपी२मुळे, आणि स्पाइक हीसुद्धा त्याच कारणाची दुसरी खूण. स्पाइक पुसून काढले म्हणून शब्द परत येतील असं नाही. मात्र रेटच्या निम्म्याहून जास्त मुलींना कधीतरी खरे झटके येतात, त्यामुळे दुर्लक्षही चालत नाही. म्हणून प्रश्न 'ईईजी खराब आहे का' एवढाच नाही. 'तिला झटके येतात का, आणि आपल्याला दिसत नाहीत का' हा आहे. त्याचं उत्तर रात्रभराचा व्हिडिओ ईईजी देतो.

बालाघाट

डॉक्टर, तुमचं पटतंय, पण एक सांगा. आम्हालाही असंच 'थांबा, बघू' म्हणून थांबवलं होतं आणि लेकराचे शब्द गेले. ज्याचं गेलंय त्याला 'बघू' हा शब्द सहन होत नाही.

जायकवाडी

तुमचा राग रास्त आहे. तुमच्या वेळी झोपेतला ईईजी न करता थांबवलं होतं, इथं पूर्ण रात्रीची तपासणी करण्यासाठी थांबायचं आहे. बोलणं किंवा शिकलेलं मागं जात असेल तर झोप न पकडलेला ईईजी नॉर्मल आला म्हणून समाधान मानू नये, हे तर मी प्रत्येक पालकाला सांगेन.

मांजरातीर

+१. आमच्याकडे 'अर्ध्या तासात करून देतो' हाच ईईजी मिळतो. लेकरू रडलं तर रडतानाचाच काढतात.

ईईजी_ताई

लातूरला ईईजी काढण्याचं काम करते. मांजरातीर, रडणाऱ्या लेकराच्या ईईजीत स्नायूंचीच हालचाल जास्त दिसते, वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यात आई-बापांच्या हातात जेवढं आहे तेवढं सांगते, कारण निम्म्या झोपा आमच्या दारात येईपर्यंत मोडलेल्या असतात.

आदल्या दिवशी केस शॅम्पूनं धुवा आणि नंतर तेलाचा थेंब लावू नका. आपल्याकडं दवाखान्यात न्यायचं म्हणून लेकराला चापूनचोपून तेल लावून, वेणी घालून आणतात. तेलकट डोक्यावर पेस्ट धरत नाही, इलेक्ट्रोड सुटतात, मग पुन्हा लावताना लेकरू जागं होतं. डोक्यावर एकवीस ठिकाणी मोजून तारा लावायच्या असतात, त्याला वेळ लागतो.

रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, किती ते वयाप्रमाणे आम्ही सांगतो. ज्यांना झटके येतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जागरण करवू नका, आणि चालू औषधाचा डोस स्वतःच्या मनानं बंद करू नका. घरची वाकळ आणा. हे मी जीव तोडून सांगते. नवी कोरी चादर, एसीचा गारठा, अनोळखी वास यात लेकरू झोपत नाही. आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ अंगावर टाकली की दहा मिनिटांत डोळे मिटलेले मी रोज बघते. झोपेचं सिरप लागलंच तर आमच्याकडं आल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीत. घरून पाजून आणू नका.

आणि घरी जे काय होतं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा. आमच्या मशीनसमोर नेमकं तेव्हाच काही होत नाही.

वसमतकर

सगळं पाळलं होतं. उशिरा झोपवलं, पहाटे उठवलं, तेल नाही, वाकळ बरोबर. परभणीहून नांदेडला लालपरीनं निघालो. वसमत यायच्या आत लेकरू मांडीवर गाढ! मी गाणी म्हणतोय, बायको गुदगुल्या करतेय, शेजारच्या आजीबाई टाळ्या वाजवतायत, कंडक्टर तिकिटाचं मशीन कानाजवळ वाजवून गेला. काही उपयोग नाही. नांदेडला पोचलो तेव्हा साहेब ताजेतवाने.

ईईजी_ताई

😀 एसटीच्या खिडकीपाशी जेवढी लेकरं झोपतात तेवढी माझ्या खोलीत झोपली असती तर काय पाहिजे होतं! लांबून येणाऱ्यांनी शक्य असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला या.

विष्णुपुरी

पूर्णाकाठताई, रात्रीच्या हसण्याबद्दल लिहिलंत म्हणून थांबले. माझा मुलगा सात वर्षांचा, अँजेलमन सिंड्रोम, हाही मेंदूच्या वाढीचा जनुकीय आजार. तोही हसतो, दिवसाही, रात्रीही. लोक म्हणायचे किती आनंदी लेकरू आहे. बसता येत नव्हतं, शब्द एकही नव्हता, आणि रात्रीची झोप जेमतेम चार-पाच तास.

आमच्याकडं गंमत उलटी झाली. जनुक तपासणीच्या आधी ईईजीनंच वाट दाखवली. ईईजी वाचणाऱ्या डॉक्टरांनी मोठ्या, संथ, लयीत येणाऱ्या लहरी बघून लिहिलं की अँजेलमनसाठी तपासा. तपासलं तर १५व्या गुणसूत्रावरचा तुकडा गायब. तिथं यूबीई३ए नावाचं जनुक असतं आणि मेंदूच्या पेशींत त्याची फक्त आईकडून आलेली प्रत काम करते. हे कळल्यावर घरात काय काय झालं ते मी लिहीत नाही. 'आईकडून' एवढाच शब्द सगळ्यांनी ऐकला.

सोयरीक

वाईट वाटून घेऊ नका, पण नात्यातली लग्नं हेच मूळ आहे. आपल्याकडं मामाची मुलगी हक्कानं करतात, काही घरांत तर भाचीशी. मग असे आजार होणारच.

विष्णुपुरी

आमचं लग्न नात्यातलं नाही. सात गावं लांबचं आहे.

जायकवाडी

सोयरीक, नात्यातल्या लग्नांमुळं काही जनुकीय आजारांचा धोका वाढतो हे खरं आहे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते असे ते आजार. पण या धाग्यात आलेले तिन्ही आजार त्या प्रकारचे नाहीत. रेट बहुतेक वेळा मुलीत नव्यानंच झालेल्या बदलामुळं होतो, आणि तो बदल बऱ्याचदा वडिलांच्या बीजपेशीत घडलेला असतो. अँजेलमनमध्ये साधारण ७० टक्के मुलांत तुकडा गळालेला असतो, तोही नव्यानं. ग्रिन२एची एकच बिघडलेली प्रत पुरते, ती कधी नव्यानं होते तर कधी आई किंवा वडिलांकडून येते, आणि त्यांना स्वतःला अगदी सौम्य त्रास झालेला असतो.

विष्णुपुरीताई, 'आईची प्रत' याचा अर्थ आईनं काही केलं असा होत नाही. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, यातल्या कशानंही तो तुकडा गळत नाही. पुढच्या बाळाचा विचार असेल तर मात्र जनुक सल्लागाराला नक्की भेटा. नव्यानं झालेला बदल असला तरी धोका अगदी शून्य नसतो, आणि अँजेलमनच्या काही प्रकारांत तो बराच असतो.

सोयरीक

तिन्ही वेगळे आहेत हे माहीत नव्हतं. ताई, दुखावलं असेल तर माफ करा.

विष्णुपुरी

ठीक आहे दादा. विचारलंत म्हणून उत्तर तरी आलं. हे उत्तर मी आता घरच्या ग्रुपवर टाकणार आहे.

गोदामाई

झोपेसाठी जायफळ उगाळून दुधातून द्या. आमच्या सगळ्या लेकरांना दिलं. आणि एकदा दृष्टही काढून बघा, त्यानं काही बिघडत नाही.

जायकवाडी

दृष्ट काढायला हरकत नाही, आजीच्या हाताचा मायेचा स्पर्श लेकराला मिळतो. जायफळाचं मात्र जपून. जास्त झालं तर ते विषारी ठरतं, आणि जे लेकरू बोलून सांगू शकत नाही त्याला काय होतंय ते आपल्याला कळत नाही. मेंदूची औषधं चालू असतील तर गुंगीवर गुंगी चढते. आणि फिट आली तर चप्पल, कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना.

मांजरातीर

उन्हाळ्यात लाइट गेली की सगळं घर माळवदावर झोपायला. आमचा पुतण्या तिथं निवांत झोपतो आणि खाली पंख्याखाली अजिबात नाही. यामागं काही शास्त्र आहे का? की नुसती हवा?

विष्णुपुरी

आमच्याकडं गच्चीवर झोपवायची हिंमत नाही, रात्री उठून चालायला लागतो. खोलीत गादी जमिनीवर, दाराला बाहेरून कडी आणि मी आत. झोपेची ठरलेली वेळ, संध्याकाळनंतर मोबाइल नाही, अंधार. डॉक्टरांनी मेलाटोनिन सुरू केलं, त्यानं झोप लवकर लागते, पण मधे उठणं राहिलंच आहे.

स्पष्टवक्ता_जालना

मी सरळ बोलतो. जनुकाचा आजार म्हटल्यावर तो बरा होणार नाही. मग हैदराबाद-मुंबईच्या चकरा, महागड्या तपासण्या, रात्रभर तारा लावून लेकराचे हाल कशासाठी? तोच पैसा तिच्या सुखासाठी खर्च करा.

बालाघाट

माझा मुलगा आज मला 'पप्पा, उशीर काहून झाला' विचारतो. हे सुख नाही का?

पूर्णाकाठ

स्पष्टवक्ता, तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाही हे कळतं. पण रेट जाणार नाही हे मला रोज सकाळी तिला भरवताना माहीत असतं. तिला आलेला झटका मला कळलाच नाही तर ती किती दमते, घास का गिळत नाही, दिवसभर पेंगते का, हेही मला कळणार नाही. एवढं कळून घ्यायचा तिचा हक्क आहे.

वेरूळची_वाट

आणि 'बरा होणार नाही' हेही कायमचं धरून चालू नका. व्हिएन्नाच्या आंद्रेआस रेट यांनी १९५४ मध्ये आपल्या दवाखान्यात बसलेल्या दोन मुलींचे हात एकाच तऱ्हेनं फिरताना बघितले आणि शोध घेऊ लागले, १९६६ मध्ये लिहिलं. जनुक सापडायला १९९९ उजाडलं, ते हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेत. २००७ मध्ये एडिनबरोला उंदरांत हे जनुक उशिरा सुरू करूनसुद्धा लक्षणं बरीच मागं गेली, म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. २०२३ मध्ये अमेरिकेत रेटसाठी ट्रोफिनेटाइड या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. ते आजार मुळातून काढत नाही, पण वाट चालू आहे. तोवर झटके, श्वास, पाठीचा कणा, वजन सांभाळायचं. पूर्णाकाठ, हृदयाचा ईसीजी केलाय ना? रेटमध्ये क्यूटी (ईसीजीत मोजला जाणारा ठोक्यातला एक काळ) लांबण्याचा धोका असतो आणि काही औषधांनी तो वाढतो. माझी भाची रेटची, म्हणून विचारतेय.

पूर्णाकाठ

ईसीजी कुणी सुचवला नव्हता. उद्याच विचारते. खूप आभार.

शीघ्र_हस्तक्षेप

बीड जिल्ह्यात समाजसेवेचं काम करतो. पैशाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, ० ते १८ वयाच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते. गाडीतून येणाऱ्या डॉक्टरांना 'बोलणं मागं गेलंय' हे ठणकावून सांगा आणि पुढची चिठ्ठी मागून घ्या. चिठ्ठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची मिळते, तिथून पुढचे संदर्भ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम आणि दीर्घकालीन मेंदूविकार येतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, काढून ठेवा. निकषात बसत असाल तर निरामय योजनेत एक लाखापर्यंत विमा मिळतो, त्यात थेरपीचाही भाग आहे. जनुक तपासणीसाठी नांदेड-परभणीकरांना हैदराबाद जवळ पडतं, तिथं सीडीएफडी ही संस्था आणि निम्स हे रुग्णालय, या दोन्हींत वैद्यकीय जनुकशास्त्राचं काम चालतं.

तुळजापूरचा_पाहुणा

अवांतर होतंय, पण आमच्या बाळाला सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक दचकल्यासारखं होतं, मान खाली, हात वर. सहा महिन्यांचं आहे. घरचे म्हणतात पोटात दुखत असेल. पाठीवर दोन-तीन पांढरे चट्टे आहेत.

जायकवाडी

हे अवांतर नाही. आजच्या आज व्हिडिओ काढा आणि उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोपेतून उठताना असे झटके लागोपाठ येणं आणि अंगावर पांढरे चट्टे, ही जोडी ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारात दिसते. तसं नसेलही, पण या झटक्यांत उपचाराला उशीर झाला तर वाढीवर परिणाम होतो. त्यात झोपेचाही समावेश असलेला ईईजी लागतो. पोटदुखी समजून थांबू नका.

तुळजापूरचा_पाहुणा

निघतोय. सोलापूर जवळ आहे, सकाळी तिथं.

पूर्णाकाठ

बरेच आठवडे झाले, इथं कळवायचं राहिलं होतं. रात्रभराचा व्हिडिओ ईईजी झाला. ईईजी_ताई, वाकळ नेली होती, ती झोपली.

दिवसाचं श्वास रोखणं आणि टक लावणं मशीनसमोरच झालं, आणि त्या वेळी ईईजीत झटका नव्हता. रेटमधला श्वासाचा बिघाड आहे, झटक्याचं औषध त्याला लागू पडणार नाही म्हणाले. रात्रीच्या हसण्यातही झटका सापडला नाही. पण पहाटे, पांघरुणाखाली, तिचे हातपाय काही सेकंद ताठ झाले, डोळे वर गेले आणि ईईजीत तेव्हाच खरा झटका उमटला. आम्ही शेजारी झोपूनही हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. तिथं कॅमेऱ्यासाठी पांघरूण बाजूला केलं म्हणून दिसलं. स्पाइक भरपूर आहेत, पण ईएसईएस म्हणावं एवढे नाहीत.

औषध सुरू झालंय, ते पहाटेच्या झटक्यांसाठी. ईसीजी ठीक आहे, दरवर्षी करायला सांगितलाय. दोन्ही डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, दोघांचं आता एकमत आहे.

बालाघाट

ताई, रात्रभराचा ईईजी केला ते बरं झालं. डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य.

विष्णुपुरी

हसण्यात झटका नाही हे वाचून मलाच हलकं वाटलं.

हुरडा

तुळजापूरच्या पाहुण्यांचं काय झालं? कुणाला माहीत आहे का?

तुळजापूरचा_पाहुणा

आहे इथंच. ईईजीत हिप्सॲरिथमिया (उंच, अस्ताव्यस्त लहरी), एमआरआयमध्ये ट्युबरस स्क्लेरोसिसच्या खुणा. व्हिगाबॅट्रिन हे औषध चालू केलं. दचकणं आता थांबलंय, डोळ्यांची तपासणी चालू ठेवायला सांगितलीय. जनुक तपासणीचं रक्त गेलंय. एक विचारायचं होतं, दचकणं थांबलं तरी ईईजी पुन्हा का करायचा म्हणतात?

जायकवाडी

बाहेरून दचकणं थांबलं तरी झोपेतला ईईजी बिघडलेलाच राहू शकतो, आणि या आजारात दोन्ही थांबायला हवं. म्हणून पुन्हा, आणि झोपेसकट. पूर्णाकाठ, तुमचाही पुन्हा होईल, पण कधी ते ठरवताना तुमचे डॉक्टर टक्क्यांपेक्षा तिच्याकडं बघतील: पेंग वाढली का, गिळणं बदललं का, नजर लावून बघणं कमी झालं का. ते एका वहीत लिहून ठेवा. आणि दोघांनाही एक: नवीन ठिकाणी दाखवायला गेलात तर जनुकाचा रिपोर्ट आणि झोपेतला ईईजी सोबत न्या. झटक्यांची काही नेहमीची औषधं, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन, काही मुलांत झोपेतले स्पाइक किंवा असे दचकण्याचे झटके वाढवतात. औषध निवडणाऱ्याला हे दोन कागद आधी दिसले पाहिजेत.

ईईजी_ताई

पाहुणे, पुढच्या वेळी लातूरला यायचं असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, बाळाची तेव्हाची झोप चांगली लागते. आणि दूध आल्यावर पाजा, निघताना नको.